द्वारका चौक, शुभार्थी आणि गतीची जाण: चर्चा

गोदाकाठ (धागाकर्ता):
स्किझोफ्रेनियाविषयी आपण बोलतो ते बहुधा भास आणि संशय यांपुरतेच. हलत्या वस्तूचा वेग आणि दिशा ओळखण्यातही अनेक शुभार्थींना (म्हणजे हा आजार असलेल्या व्यक्तींना) अडचण येते, हे घरच्यांना कोणी सांगत नाही. हलत्या वस्तूमागे नजर सलग फिरवताना या रुग्णांचे डोळे मागे पडतात आणि मग झटक्याने ती वस्तू गाठतात, ही नोंद डिफेनडॉर्फ आणि डॉज यांनी १९०८ मध्येच केली होती. १९७० च्या दशकात फिलिप होल्झमन यांना हाच दोष रुग्णांच्या आजारी नसलेल्या काही नातलगांतही आढळला. १९९९ मध्ये यू चेन, होल्झमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दोन वेगांतला लहानसा फरक ओळखणे रुग्णांना जड जाते आणि या अडचणीचा नजरेच्या त्या दोषाशी संबंध आहे.

नाशिकच्या द्वारका चौकात सगळ्या बाजूंनी येणाऱ्या वाहनांसमोर जो शुभार्थी पदपथावरच थांबून राहतो, त्याला आपण आळशी किंवा भित्रा ठरवतो. नाशिकमधल्या पुनर्वसन केंद्रांनी गतीच्या जाणिवेची साधी चाचणी आपल्या तपासणीत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पंचवटीकर:
आपली कळकळ समजते. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. प्रयोगशाळेतील चाचणीत पडद्यावर शेकडो ठिपके सैरावैरा फिरत असतात आणि त्यांतले थोडेच एका दिशेने जातात. ती दिशा ओळखायची असते. तिथे चूक होण्यामागे लक्ष न टिकणे, उत्साह नसणे किंवा औषधांची गुंगी हीही कारणे असू शकतात. शिवाय हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांचे गुण एकमेकांत बरेच मिसळतात, त्यामुळे एका व्यक्तीबद्दल या चाचणीवरून काही ठरवणे धोक्याचे आहे. नोकरी देणाऱ्याच्या हाती असा अहवाल पडला तर काय होईल, याचा विचार आपण केला आहे का?

गोदाकाठ:
अहवाल कोणाच्या हाती जावा, हा आपला मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. ‘लक्षच नसते’ हे स्पष्टीकरण मात्र पुरेसे नाही. ज्या नातलगांनी कधी औषध घेतले नाही, त्यांच्यात हा दोष कुठून आला? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काही चाचण्यांत रुग्ण निरोगी लोकांपेक्षा अधिक अचूक ठरतात. मोठ्या, ठळक हलत्या आकृतीची दिशा ओळखताना निरोगी मेंदूत भोवतालच्या भागाच्या प्रभावाने मधल्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद दाबला जातो आणि त्यामुळे अचूकता घटते. टॅडिन आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात रुग्णांमध्ये ही दाबण्याची क्रिया क्षीण आढळली, आणि ज्यांच्यात ती सर्वांत क्षीण होती त्यांनी अशा आकृत्यांत निरोगी लोकांना मागे टाकले. लक्ष नसलेला माणूस सगळीकडेच मागे पडायला हवा. इथे तसे होत नाही. म्हणूनच गतीचे विश्लेषण करणाऱ्या एमटी या मेंदूच्या भागाकडे संशोधक बोट दाखवतात.

मुंबईनाका (व्यवसायोपचार क्षेत्रात काम):
दोघांचेही मुद्दे वाचले. माझा कल पंचवटीकरांकडे आहे, पण कारण वेगळे आहे. पडद्यावरच्या ठिपक्यांत गुण वाढले म्हणून रस्ता ओलांडणे सुधारेल, याची खात्री देता येत नाही. चाचणीवर वेळ घालवण्यापेक्षा त्या शुभार्थीसोबत प्रत्यक्ष चौकात जावे, सिग्नलवर आणि झेब्रा क्रॉसिंगवरच ओलांडण्याची सवय लावावी, आणि गर्दी कमी असताना सुरुवात करावी. २०२७ च्या कुंभमेळ्यात हेच रस्ते किती भरतील, याची नाशिककरांना कल्पना आहे. तोवर ही सवय पक्की व्हायला हवी.

पंचवटीकर:
टॅडिन यांच्या अभ्यासाचा दाखला वजनदार आहे आणि लक्षाचा मुद्दा मी तेवढ्यापुरता मागे घेतो. परंतु त्याने माझे मत पक्केच होते: अभ्यासाने यंत्रणा समजते, व्यक्तीची पात्रता ठरत नाही. मुंबईनाका यांची सूचना मला पटते.

गोदाकाठ:
सूचना मलाही पटते, ताई. तरीही सराव कशाचा करायचा हे आधी कळायला हवे. रहदारीच्या भीतीने थांबणाऱ्याला एक मदत लागते, आणि येणाऱ्या रिक्षाचा वेग न उमगल्याने थांबणाऱ्याला दुसरी. चाचणी नको असेल तर निदान त्याला विचारावे, ‘गाडी किती वेगात येते आहे, हे तुला कळते का?’ हा प्रश्न तपासणीच्या कागदावर यावा, एवढी मागणी मी सोडणार नाही.