मदत हवी आहे: एका फोनवर तिघांचं लॉगिन, थीम मात्र आधीच्याचीच दिसते

पऱ्हाटी_कोडर (दारव्हा, जि. यवतमाळ)

राजेहो, तीन शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी मिळून एकच वेब ॲप बनवून राहिलो. कापूस-तुरीची आवक, काट्याची पावती, चुकारे, एवढंच काम. रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टची लायब्ररी) आहे. सर्व्हिस वर्कर (नेट नसतानाही पान उघडावं म्हणून ते फोनमध्ये साठवणारी स्क्रिप्ट) लावला, कारण आमच्याकडं लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जाते.

प्रत्येक कंपनीला आपला रंग पाहिजे. एकीला हिरवा, दुसरीला निळा, तिसरीच्या अध्यक्षांना बोर्डावर आहे तोच पिवळा. वरून ज्याची त्याची आवड वेगळी: मुनिमाला गडद थीम, कास्तकाराला मोठी ठळक अक्षरं. हे सारं सर्व्हरवर प्रोफाइलमध्ये आहे. सर्व्हर पान पाठवतानाच बॉडीला त्या युजरचा क्लास (रंग ठरवणारी खूण) लावते, पुढचं रिॲक्टचा थीम कॉन्टेक्स्ट (सगळ्या भागांना थीम पुरवणारी सोय) पाहते.

आता घोळ असा. संकलन केंद्रावर फोन एकच. सकाळी ग्रेडर, दुपारी मुनीम, मधात रांगेतला एखादा आपला हिशोब पाहाले लॉगिन करते. नाव बरोबर येते, आकडे बरोबर येतात, पण पान उघडताना रंग आधीच्याचा, मग खटकन बदलते. नेट नसलं तर बदलतच नाही. दुसरं म्हणजे भर दुपारी वावरात काही जणांचं ॲप आपोआप काळं होते. त्यांनी गडद थीम कधी निवडलीच नाही. माझ्या फोनवर हे एकदाही झालं नाही. काऊन होत असेल?

संत्राबाग (वरूड)

भाऊ, पहिल्याचं कारण तुमच्याच पोस्टमध्ये आहे. सर्व्हरनं थीमचा क्लास एचटीएमएलमध्ये लिहिला, अन् सर्व्हिस वर्करनं तेच पान कॅशमध्ये (फोनमधल्या साठ्यात) ठेवलं. पुढचा माणूस आला की त्याला ग्रेडरसाठी बनलेलं पान मिळते. मग प्रोफाइल येते, रिॲक्ट रंग बदलते, तो तुमचा खटका. नेट नाही तर प्रोफाइलच येत नाही.

कॅशमधलं पान कोणाचंच नसलं पाहिजे. क्लास काढून टाका. हेडमध्ये, स्टाइलशीटच्याही आधी, चार ओळींची इनलाइन स्क्रिप्ट ठेवा: लोकल स्टोरेजमधून (ब्राउझरची छोटी साठवण, लगेच वाचता येते) आत्ताचा युजर कोण ते वाचायचं, त्याच्या आयडीच्या नावानं ठेवलेली थीम काढायची अन् एचटीएमएल टॅगवर डेटा-थीम लावायचं. लोकल स्टोरेजच घ्या. इंडेक्स्ड डीबी (ब्राउझरमधलाच डेटाबेस) असिंक्रोनस आहे, तिचं उत्तर येईपर्यंत पान रंगून गेलेलं असते. लॉगिन झालं की नव्या युजरची नोंद करून ॲट्रिब्यूट तिथल्या तिथं बदला, लॉगआउटला दोन्ही काढा. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (कोणती स्क्रिप्ट चालू द्यायची याचे नियम) लावली असेल तर या स्क्रिप्टचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) तिच्यात टाका, नाहीतर ब्राउझर ती चालवणारच नाही.

रंग सारे सीएसएस व्हेरिएबलमध्ये न्या. कॉन्टेक्स्टमधून रंग वाटले तर थीम बदलली की तो वाचणारा प्रत्येक कंपोनंट (पानाचा तुकडा) पुन्हा रेंडर होते, स्वस्तातला फोन तिथंच दम टाकते. व्हेरिएबल बदललं तर काम फक्त ब्राउझरचं, रिॲक्टला पत्ताही लागत नाही. (व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलं तरी चालते, मी हौसेनं ठेवतो.)

धुऱ्यावरून (चिखली, बुलढाणा)

दुसऱ्याचं मी सांगतो. तुमच्या सीएसएसमध्ये प्रीफर्स-कलर-स्कीमची मीडिया क्वेरी (फोनची थीम गडद आहे का हे पाहणारी अट) आहे का? असेल तर ॲप फोनचं ऐकते. अँड्रॉइड १० पासून सिस्टिमची गडद थीम आली, अन् बऱ्याच फोनमध्ये बॅटरी सेव्हर सुरू झाला की ती आपोआप लागते. रात्रभर लाईन नाही, फोन अर्धवट चार्ज, दुपारी बॅटरी उतरली, ॲप काळं. तुमचा फोन टेबलावर चार्जरला लागून असेल, मग कसं दिसणार?

गडद थीम उन्हात अजिबात कामाची नाही. काळ्या काचेत आपलाच चेहरा दिसते. वावरातल्या माणसाले पांढऱ्यावर काळी अक्षरंच द्या.

पऱ्हाटी_कोडर

क्वेरी आहे! टेम्प्लेटसोबतच आली होती. बॅटरी सेव्हर लावून पाहिला, लगेच काळं झालं. आता फोनचं फक्त तेव्हाच ऐकतो जेव्हा युजरनं स्वतः "फोनप्रमाणे" निवडलं असेल.

स्क्रिप्टनं खटका गेला. आता पिवळ्याचं काय करू? बटणावरची पांढरी अक्षरं दिसतच नाहीत, अन् अध्यक्ष रंग सोडायला तयार नाहीत.

संत्राबाग

अध्यक्षांना पिवळा राहू द्या, अक्षरांचा रंग त्यांच्या हाती देऊ नका. कंपनीनं फक्त एक मुख्य रंग द्यायचा. त्यावर काळं की पांढरं हे कोडनं ठरवावं, ज्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर जास्त ते. डब्ल्यूसीएजीप्रमाणे (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) साध्या अक्षरांना किमान ४.५ लागते. शुद्ध पिवळ्यावर पांढरं जेमतेम १.०७ भरते, काळं १९ च्या वर.

क्रमही ठरवून टाका: आधी मूळ थीम, तिच्यावर कंपनीचा रंग, सगळ्यात शेवटी माणसाची सोय. ठळक थीम निवडली की कंपनीचा रंग फक्त वरच्या पट्टीत उरला पाहिजे. अध्यक्ष सावलीत बसतात, त्यांना एकदा दुपारी काट्यावर नेऊन पावती वाचायला लावा.

पऱ्हाटी_कोडर

हे भारी. शेवटचं एक: होम स्क्रीनवरून उघडलं की सुरुवातीचा स्प्लॅश अजून हिरवाच येते, निळ्या कंपनीलाही.

संत्राबाग

तो मॅनिफेस्टमधून (ॲपचं नाव, आयकॉन, रंग लिहिलेली फाइल) येते, तुमची स्क्रिप्ट तेव्हा सुरूही झालेली नसते. तिथं पांढरा टाका. फोनची वरची पट्टी मात्र थीम-कलर मेटा टॅगनं बदलता येते, तो त्याच स्क्रिप्टमध्ये घ्या.