मदत हवी आहे: जुन्या इंग्लिश पबचं घर करायचंय, भिंतीची ओल जात नाही

सफोकमधल्या एका खेड्यातला लाकडी सांगाड्याचा पब, ग्रेड टू लिस्टेड (सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीतला). घर करायची प्लॅनिंग परवानगी मिळाली आहे. रस्त्याकडची भिंत खालून मीटरभर ओली, आतल्या रंगाला पोपडे. बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. बिल्डर म्हणतो, भोकं पाडून ओल अडवणारं केमिकल भरू आणि तळघराला आतून वॉटरप्रूफ लेप देऊ. तळघराची ओलही पब बंद झाल्यापासून वाढलीय. काय करावं?

प्रतिसाद १
केमिकल अजिबात नको. ते विटांच्या सांध्यांसाठी असतं. ओकच्या चौकटीत आणि कुडात कुठे भरणार? (हो, कूडच. आपल्याकडे कारवी आणि शेणमाती, तिथे हेझलच्या फोकाट्या आणि माती-गवत.) खरा दोषी सिमेंट. लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, सांध्यावर केसासारखी चीर पडते. पाणी आत जातं, बाहेर पडायला वाट नाही. आधी कुजते ती सर्वांत खालची आडवी तुळई. सिमेंट काढलं की ती टोकदार हत्याराने टोचून बघा.

नवा गिलावा: विरवलेला चुना १, खरखरीत वाळू ३, त्यात बकरीचे केस. एका थराला ८-१० मिमी, तीन थर. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा, गोठलं की सुटून येतं. वरून चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्रतिसाद २
त्याआधी बाहेरच्या जमिनीची पातळी बघा. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढून ती आतल्या फरशीच्या बरोबरीला येते. निदान १५० मिमी खाली हवी. पन्हळी फुटल्यात का तेही. ओल मोजायच्या दोन टोकांच्या मीटरचा आकडा धरू नका, भिंतीतल्या क्षारांनी तो फुगतो.

तळघराचं कारण सरळ आहे. बियरसाठी तिथे ११-१३ अंशांचा कूलर चालायचा, तो हवेतलं पाणीही गाळून बाहेर टाकायचा. आता तो बंद. लेप दिलात तर पाणी भिंतीतून वर चढेल. पिंपं उतरवायच्या झडपेला जाळी बसवा, जुने झरोके मोकळे करा.

धागाकर्ता
सिमेंट पुढच्या आठवड्यात काढायला सांगू?

प्रतिसाद १
थांबा! प्लॅनिंग परवानगी वेगळी, लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट (यादीतल्या इमारतीत बदल करायची परवानगी) वेगळा. त्याविना असं काम करणं इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे. कौन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरला (जुन्या इमारतींचं जतन बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचारून हातभर चौकोन उघडा, फोटो काढा, तेच अर्जाला जोडा.