मदत हवी आहे: नोकरी करणाऱ्यांना मंडळीच्या (चर्चच्या) सेवेसाठी तयार करायचंय, कोर्स सुचवा (लवकर!)

घाईत_आहे:
सलाम. आमच्याकडे घरगट (घरी भरणारे बायबल-अभ्यासाचे गट) चालवायला माणसं कमी पडतायत, आहेत ती सगळी नोकरीवाली. पाळक म्हणाले ट्रेनिंगचं काहीतरी बघ, पुढच्या मीटिंगला मांडायचंय. शोधलं तर एकतर वसतिगृहात राहून तीन वर्षं, नाहीतर दोन दिवसांचं शिबिर. मधलं काही आहे का? 'प्रार्थना करतो' लिहून पळू नका, ती चालूच आहे.

रात्रीचा_वाचक:
पंथ कुठला? किती जणं? दीक्षा घेऊन प्रभुभोजन देणारे हवेत की नुसते गट चालवणारे? दीक्षेला पंथाचे नियम असतात.

घाईत_आहे:
गट चालवणारे. वर लिहिलंय की!

जुना_वडील:
शॉर्टकट नको, सेमिनरीच (पाळक घडवणारं कॉलेज). मंडळीचा इतिहास न वाचलेला माणूस जुनंच पाखंड नवा प्रकाश म्हणून शिकवतो.

तंबूवाला:
वडील, प्रेषित पौलाने इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज शिकवलं (बायबल, प्रेषितांची कृत्ये १९). काही जुन्या हस्तलिखितांत वेळही आहे, साधारण अकरा ते चार, म्हणजे लोकांच्या दुपारच्या सुट्टीत. आणि १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विद्यार्थ्यांना बोलवण्याऐवजी शिक्षकच त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली, घरी स्वाध्याय आणि ठरलेल्या दिवशी बैठक. टीईई (थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन) म्हणतात, ते शोधा. पण वेळ किती आहे ते तर सांगा?

जुना_वडील:
ते खेड्यापाड्यांसाठी होतं.

तंबूवाला:
घर-काम सोडून येऊ न शकणाऱ्यांसाठी होतं. शिफ्टवाला तोच की.

स्वरसाधक:
उपासनेसाठी कीबोर्ड घेत असाल तर ८८ कीजचाच घ्या, ६१ चा घेऊन पस्तावाल.

घाईत_आहे:
कीबोर्डचं कुणी विचारलं?? वेळ रविवारी उपासनेनंतर दोन तास. बाकी फोनवर. आणि लोक वर्ष-दीड वर्षात बदली होऊन जातात, भाषा तीन, शहर म्हटलं की हे आलंच.

रात्रीचा_वाचक:
हे आत्ता सांगताय! मग एकेकट्याला शिकवून काय उपयोग, प्रत्येकासोबत एक शिकाऊ जोडा. बायबलात २ तीमथ्य २:२ बघा, पौल, त्याचा शिष्य तीमथ्य, विश्वासू माणसं, मग इतर, एका वचनात चार पिढ्या.

मार्थाची_बहीण:
वचन बरोबर आहे, पण आमच्या गटात एक बाई नवऱ्याच्या मारहाणीचं सांगायला लागल्या, तर गट चालवणारा मुलगा गडबडून 'चला प्रार्थना करू' म्हणाला आणि लगेच अभ्यासातला पुढचा प्रश्न वाचायला घेतला. त्या परत आल्या नाहीत. कधी गप्प राहून ऐकायचं, काय बाहेर बोलायचं नाही, पोलीस किंवा समुपदेशक कधी गाठायचा, लहान मुलांसोबत एकट्याने बसायचं नाही, दान दोघांनी मिळून मोजायचं, हे आधी शिकवा हो.

जुना_वडील:
ते पाळकांचं काम.

मार्थाची_बहीण:
पाळक त्या खोलीत नव्हते, वडील.

घाईत_आहे:
ओके, टीईई आणि शिकाऊ जोडी मांडते, ताईंचा मुद्दा पहिल्या रविवारी घेते. पण तीन भाषांचा वर्ग एकत्र घ्यायचा कसा, ते कुणीच सांगितलं नाही!

स्वरसाधक:
गाण्यांचे शब्द तिन्ही भाषांत स्क्रीनवर लावा. प्रोजेक्टर कुठला आहे?