मदत हवी आहे : शुगर आणि किडनी दोन्ही, बाबांना वरण किती द्यावं?

बाबा ६४ वर्षांचे, वजन ५८ किलो. पंधरा वर्षांपासून शुगर, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. क्रिएटिनिन १.९, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ३८, पोटॅशियम ५.१ म्हणजे जरा जास्तच, लघवीतून प्रोटीन जातं. डायलिसिस नाही. माळकरी आहेत, अंडी-मटण नाहीच.

डॉक्टर घाईत एवढंच म्हणाले, "प्रोटीन कमी करा." आम्ही तुरीचं वरण, झुणका, दूध सगळं बंद केलं. आता ताटात ज्वारीची भाकर अन् दोडक्याची भाजी, वरणाची वाटी पालथी. दोन महिन्यांत चार किलो उतरले, वावरात जाऊन आले की धाप लागते. परवा पहाटे शुगर ६२ झाली, अंग घामानं भिजलेलं.

डायलिसिस नसेल तर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन, असं वाचलं. म्हणजे रोज ४६ ग्रॅम. पाव किलो ज्वारीच्या पिठातून जेमतेम २५ होतात. मग आम्ही जास्तच तोडलं ना?

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात आहारतज्ज्ञ नाही, पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना उद्याच फोन करतो. प्रोटीन पावडर परवडणार नाही.

पोटॅशियम ५.१ असताना रोज ५० ग्रॅम तूरडाळ चालेल का? डाळ भिजवून, पाणी फेकून शिजवली तर फरक पडतो का? कोणाच्या घरी असं पथ्य बसवलंय?