भत्त्याचा हिशेब जमत नाही, म्हणून बंदूक बाळगण्यास बंदी असावी का?

मूळ धागा
अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार, अधिकृत यंत्रणेने मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. या तरतुदीचा आधार घेऊन तेथील माजी सैनिक कल्याण विभाग, ज्यांच्या भत्त्याचा व्यवहार पाहण्यासाठी विश्वस्त नेमला आहे अशा माजी सैनिकांची नावे, कोणत्याही न्यायाधीशासमोर प्रकरण न नेता, बंदूक खरेदीच्या राष्ट्रीय तपासणी यादीत वर्षानुवर्षे पाठवत आला. डोक्याला मार लागल्यामुळे ज्याच्या बँकेची कामे पत्नी पाहते, तो हिंसक आहे हे कोणी तपासले? मार्च २०२४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, न्यायालयीन निर्णयाची अट घातली, ती योग्यच आहे. नाव यादीत जाईल या धास्तीने माणूस उपचारच टाळतो, ही हानी मला सर्वांत मोठी वाटते.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. २०२१ मध्ये ६,३९२ माजी सैनिकांनी आत्महत्या केली आणि त्यांतील सुमारे ७२ टक्के मृत्यू बंदुकीने झाले. आत्महत्येची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. परंतु बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी साधारण नऊ जीवघेणे ठरतात, म्हणजे सावरण्याची संधीच उरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेन राज्यातील लुइस्टन येथे राखीव दलातील एका सैनिकाने १८ जणांना ठार केले. काही महिन्यांपूर्वीच तो मनोरुग्णालयात होता, तरीही त्याच्याकडे शस्त्रे राहिली.

मूळ लेखकाचे उत्तर
लुइस्टनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तेथे प्रश्न पैशांच्या व्यवहाराचा नव्हता, धोक्याचा होता. वैद्यकीय तपासणी आणि न्यायाधीशाची मंजुरी घेऊन शस्त्रे काढून घेण्याचा कायदा मेनमध्ये होता. पोलिसांनी तो वापरला नाही. ज्याच्यापासून खरोखर धोका आहे त्याच्यापर्यंत यंत्रणा पोहोचत नसेल, तर विश्वस्त नेमलेल्यांच्या यादीने ती उणीव कशी भरून निघणार?

प्रतिसाद २
आपला हा मुद्दा मान्य करूनही एक अडचण उरते. विश्वस्त नेमलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे वृद्धही असतात. रात्री स्वतःच्या मुलाला न ओळखणाऱ्या वडिलांच्या उशाशी भरलेले पिस्तूल असेल, तर ते प्रकरण न्यायाधीशापुढे कोण नेणार? काँग्रेसने विभागाला नाव पाठवण्यापासून रोखले, पण धोक्याची चिन्हे दिसताच ठराविक मुदतीत न्यायालयात जाण्याचे बंधन त्याच्यावर घातले नाही. ते बंधन येईपर्यंत या अटीला माझा पाठिंबा नाही.