मिडलवेअरने चालता-चालता स्वतःला बदलावं का?

धागाकर्ता:
भांडायलाच बसलोय, आधीच सांगतो. इमारतभर सेन्सर लावायचेत आणि मधल्या थराने, म्हणजे उपकरणं आणि ॲप यांच्यामधल्या मिडलवेअरने, परिस्थिती बघून वागणं बदलायचंय. त्यासाठी रिफ्लेक्शन (प्रोग्रामने चालता-चालता स्वतःलाच तपासून बदलणं) आणि ॲस्पेक्ट (जागोजागी लागणारं काम एकदाच वेगळं लिहून सगळीकडे आपोआप जोडणं) वापरू, असं टीममधल्या एकाचं म्हणणं. माझं मत: नको. गणकयंत्रं नजरेआड जावीत असं संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझरने 1991 मध्ये लिहिलं, पण चुका शोधायच्या डीबगरच्याही नजरेआड जावीत असं नव्हे! मागे एका कामात रीट्राय (फसलं की पुन्हा पाठवणं), कॅशे, लॉगिंग (नोंदी ठेवणं) सगळं ॲस्पेक्टमध्ये कोंबलेलं होतं. फंक्शन उघडावं तर तीन ओळी, आणि संदेश मात्र दोनदा जायचा. खालची लायब्ररीही रीट्राय करत होती, हे कळायला दोन दिवस गेले. साधा स्विच-केस लिहा: अमुक असेल तर हे, तमुक असेल तर ते.

जुनाजावावाला:
पाच उपकरणांपर्यंत ठीक. पुढे जिथे तिथे 'बॅटरी कमी आहे का' हा एकच प्रश्न. असं विखुरलेलं एका जागी आणायलाच संशोधक किक्झालेस आणि मंडळींनी 1997 मध्ये ॲस्पेक्ट मांडले, तेही वायझरच्याच झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात. इलिनॉय विद्यापीठाच्या डायनॅमिकताओ या मिडलवेअरमध्ये तर थ्रेडिंगची (कामं समांतर चालवायची) पद्धत सर्व्हर बंद न करता बदलता यायची. तुम्ही काय, चारशे नोड (सेन्सरची उपकरणं) पुन्हा फ्लॅश करणार, एकेकात नवं सॉफ्टवेअर भरत?

फर्मवेअरवाली:
दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. बदल कशाने करायचा यापेक्षा कधी करायचा हे अवघड. संशोधक क्रॅमर आणि मॅगी यांनी 1990 मध्येच सांगितलंय: घटक बदलण्याआधी तो निवांत हवा. हातातला व्यवहार पुरा झालेला, आणि शेजारीही त्याच्याकडे नवं काम पाठवणार नाहीत.
दुसरं म्हणजे हेलकावे. आमचा नियम होता, सिग्नल -75 डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) खाली गेला की ब्लूटूथ, वर आला की वाय-फाय. जिन्यातल्या नोडचं दिवसभर तळ्यात-मळ्यात! आता वाय-फायवर परतायला -68 लागतो, तोही तीस सेकंद टिकला तर. ना रिफ्लेक्शन लागलं, ना ॲस्पेक्ट.

धागाकर्ता:
म्हणजे माझंच म्हणणं झालं की.

फर्मवेअरवाली:
नाही हो. त्या दोन संख्या कोडमध्ये नाहीतच, बाहेरच्या फाइलीत आहेत आणि चालू असताना बदलता येतात. जिन्याचं गणित गच्चीवर चालत नाही.

जुनाजावावाला:
आणि ती फाइल वाचून वागणं बदलणारा थर? त्यालाच मी मगासपासून मिडलवेअर म्हणतोय.

धागाकर्ता:
बरं, फाइल मान्य. ॲस्पेक्ट फक्त लॉगिंगपुरते. रीट्रायला कोणी हात लावला तर दुसरा धागा काढीन.