कॅम्पसजवळची ती खोली: शुक्रवारच्या आत कोणी रात्री जाऊन बघेल का?

अ. | सोमवार, सकाळी ७:४०

नमस्कार,
घाईत लिहितेय. मागच्या आठवड्यात विचारलं होतं तीच खोली. लँडलॉर्डला शुक्रवार संध्याकाळपर्यंत सही आणि डिपॉझिट हवंय, आणि मी पोचणार त्यानंतर नऊ दिवसांनी. ताई दुपारी २ ला जाऊन बघून आल्या, त्यांचे खूप आभार, त्या म्हणाल्या एकदम शांत आहे. पण दुपारी २ ला कुठलंही घर शांतच असतं ना? माझं लॅबमधून निघणं रात्री १०-१०:३० ला होणार, त्यानंतर तिथे काय असतं ते मला कळायला हवं. बुधवार किंवा गुरुवारी रात्री ११ नंतर कोणी पंधरा-वीस मिनिटं तिथे थांबून ऐकेल का? आत जायला नाही मिळालं तरी चालेल.

मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी माझ्या खोलीच्या वरच पोरं रात्री दोन-दोनपर्यंत जागायची, चार महिने मला सलग झोप नव्हती आणि थीसिस एक सेमिस्टर पुढे गेला. इथे पहिल्या वर्षाच्या शेवटी क्वालिफायर (पीएचडीची पात्रता परीक्षा) आहे. तेच परत नको आहे मला.
अ.

ताई | सोमवार, सकाळी ९:१५

अगं दुपारी २ ची वेळ लँडलॉर्डने दिली होती, मी निवडली नव्हती. आणि मी नुसतं "शांत आहे" म्हणून परत नाही आले, नळ सोडून बघितले, खिडकी उघडते का, तिची कडी आतून नीट लागते का, छतावरचा धुराचा अलार्म वाजतो का, सगळं बघितलं आणि एकवीस फोटो पाठवले. रात्री मला जमणार नाही, धाकट्याला एकटं ठेवता येत नाही.

सचिव | सोमवार, दुपारी १२:०५

सर्वांना विनंती, घराच्या चौकश्या हाउसिंगच्या शीटमध्ये टाका, मंडळाच्या मेलिंग लिस्टवर नको. दुसरं म्हणजे, गेल्या ऑगस्टच्या प्रकारानंतर कमिटीत ठरलं होतं की मंडळ कुठल्याही घराची शिफारस करणार नाही. कोणी बघायला जाणार असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर जावं. नंतर "मंडळाने सांगितलं म्हणून घेतलं" असं व्हायला नको.

काका (माजी खजिनदार) | सोमवार, दुपारी १:३०

> मंडळ कुठल्याही घराची शिफारस करणार नाही

शिफारस कोण मागतंय? पोरगी कान मागतेय उसने. शीटमध्ये टाकलं की तिकडे कोणी फिरकत नाही, मी खजिनदार असताना तीन वर्षं ती शीट सांभाळली आहे म्हणून सांगतो.

बाकी अ., आवाज राहू दे बाजूला, लीज जॉइंट (सगळ्यांचा मिळून एकच भाडेकरार) आहे का वेगवेगळं ते आधी सांग. जॉइंट असेल तर कोणी एक जण मध्येच निघून गेला की त्याचं भाडं बाकीच्यांच्या गळ्यात पडतं, लँडलॉर्ड तुमच्यापैकी कोणाही एकाकडे पूर्ण रक्कम मागू शकतो. माझ्या दुसऱ्या वर्षी आमचा तिसरा गडी जानेवारीत शिक्षण सोडून घरी परत गेला आणि आम्ही दोघांनी जुलैपर्यंत त्याचा हिस्सा भरला. आम्हाला वाटलं होतं प्रत्येकाची सही फक्त स्वतःच्या खोलीपुरती. आणि लीज बारा महिन्यांचं की नऊ? बारा असेल तर उन्हाळ्यात सबलेट करायला, म्हणजे आपली खोली दुसऱ्याला भाड्याने द्यायला, लेखी परवानगी मिळते का, हेही विचार.

म. काकू | सोमवार, संध्याकाळी ६:५०

मजला कितवा आहे ते कोणीच विचारलं नाही. एकट्या मुलीने तळमजला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, खिडकी रस्त्यावरून हाताला लागते. आमच्या ओळखीच्या मुलीने खिडक्यांना जाळी ठोकून घेतली होती, तेव्हा कुठे तिला झोप लागायला लागली.

दे. | सोमवार, रात्री १०:२०

काकू, जाळी ठोकलेली असेल तर ती आतून उघडता आली पाहिजे, नाहीतर आग लागल्यावर दाराकडे धूर असला की बाहेर पडायला वाटच राहत नाही. हे मी फार कळकळीने सांगतोय. मी तळमजल्याच्या विरुद्ध नाही. सगळ्यात वरचा मजला चोरीच्या दृष्टीने बरा आणि डोक्यावर कोणी नसतं हा मोठा फायदा, कारण वरच्याच्या पावलांचा आवाज हवेतून येत नाही, तो स्लॅबमधून उतरतो. त्यावर खाली राहणाऱ्याने भिंतीला काहीही चिकटवलं तरी उपयोग होत नाही, वरच्यानेच जाड गालिचा घालावा लागतो. बोलण्याचा किंवा टीव्हीचा आवाज वेगळा, तो दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या कडेने, दोन खोल्यांच्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या सॉकेटमधून येतो आणि फट बुजवली की बऱ्यापैकी कमी होतो.

आणि जो कोणी जाईल त्याने फोनवर मीटर लावून आकडा आणावा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली झोपायच्या खोलीसाठी सलग आवाज ३० डेसिबलच्या आत आणि मध्येच होणारा एकेक आवाज ४५ च्या आत असावा असं सांगितलंय. फोनचा मीटर काटेकोर नसतो हे मान्य, पण एकाच फोनने दोन खोल्या मोजल्या तर तुलना तरी होते. १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं.

म. काकू | मंगळवार, सकाळी ८:१०

उघडणारी जाळीच म्हणत होते मी. न उघडणारी कोण लावेल.

अ. | मंगळवार, सकाळी ९:००

मजला दुसरा, वर अजून एक आहे. लीज जॉइंट आहे, आम्ही तिघी, बारा महिने. काका, तुमचं वाचून लँडलॉर्डला वेगवेगळ्या लीजबद्दल विचारलं, तो नाही म्हणाला. बाकी दोघी आधीपासून राहतात, काल व्हिडिओ कॉलवर बोललो, एक तिसऱ्या वर्षाला आहे आणि दुसरी नोकरी करते, दोघी ठीक वाटल्या. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर शोधूनही बघितले, दुसऱ्या कुठल्या जाहिरातीत सापडले नाहीत, आणि ताईंनी घर प्रत्यक्ष बघितलंय म्हणजे ते खरंच आहे एवढी तरी खात्री आहे. ताई, वाईट वाटलं असेल तर सॉरी. तुमच्या फोटोंमुळेच मी इथवर आले.

रात्रीचं कोणी??

दे. | मंगळवार, सकाळी ९:२५

गुरुवारी मी आणि बायको जातो. रूममेटचा नंबर मला वेगळा पाठव, लिस्टवर टाकू नकोस.

सचिव | मंगळवार, सकाळी ११:४०

वैयक्तिक पातळीवर जात असाल तर माझी काहीच हरकत नाही. शीटचा मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. काका, शीट आता दर महिन्याला अपडेट होते, कृपया एकदा बघा.

दे. | शुक्रवार, रात्री १२:३५

आत्ताच आलो, झोपायच्या आधी लिहून टाकतो.

आम्ही शटलच्या स्टॉपपासून चालत गेलो, कारण अ. रोज तेच करणार. नकाशा जो १० मिनिटांचा रस्ता दाखवतो तो इमारतीच्या मागच्या पार्किंगमधून जातो आणि तिथले निम्मे दिवे बंद होते, बायको म्हणाली एकटी असते तर मी इथून गेले नसते. पुढून वळसा घालून १४ मिनिटं लागतात, पण पूर्ण रस्त्यावर उजेड आहे, ये-जा आहे. तेव्हा १४ मिनिटंच धरायची. कॅम्पसची रात्रीची एस्कॉर्टची (घरापर्यंत सोबत देण्याची) सोय असते का आणि ती इथपर्यंत येते का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घे.

इमारतीचं मुख्य दार ११:१५ ला उघडं होतं. कुलूप आहे, पण लॅच धरत नाही, हाताने ओढून घेतलं तरच लागतं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. वरच्या कड्या कितीही चांगल्या असल्या तरी खालून कोणीही आत येऊ शकतो.

आता आवाज. रस्ता शांत, ताईंचं बरोबर आहे. वरच्या मजल्यावर पावलं ऐकू आली, फार नाही. पण तुझ्या खोलीची डोक्याकडची भिंत लिफ्टला लागून आहे. लिफ्ट हलली की आधी टक्क आणि मग दहा-बारा सेकंद घरघर, आणि ती कानापेक्षा उशीतून जास्त कळते, बायकोने आडवं पडून बघितलं. चाळीस मिनिटांत नऊ वेळा. माझ्या फोनवर एरवी ३१-३२, लिफ्ट आली की ४६-४८. दुपारी लोक कामावर गेलेले असतात, लिफ्ट फारशी हलत नाही, म्हणून ताईंना ते कळणं शक्यच नव्हतं. पॅसेजच्या पलीकडच्या खोलीत त्याच वेळी ३३ च्या वर गेलं नाही. ती नोकरी करणारीची खोली. ती म्हणाली तिची रात्रपाळी आहे, रात्री घरी नसतेच आणि दिवसा कानात बोळे घालून झोपते.

ताई | शुक्रवार, सकाळी ७:०५

लिफ्टचं मला खरंच कळलं नाही गं. बरं झालं गेलात.

काका | शुक्रवार, सकाळी ७:५०

मग खोल्या बदला की! फक्त तोंडी नको. जॉइंट लीजमध्ये कोणाला कुठली खोली हे सहसा लिहिलेलंच नसतं, त्यामुळे लँडलॉर्डला विचारायची गरज पडणार नाही, तिघींनी आपापसांत एका कागदावर लिहून सह्या करा. कोण आधी निघालं तर किती आधी सांगायचं आणि जागी दुसरी कोणी आणायची जबाबदारी कोणाची, तेही त्याच कागदात.

अ. | शुक्रवार, दुपारी ३:१०

दे. दादा, वहिनी, काय बोलू. उशीतून कळतं हे वाचून मला रडूच आलं, कारण मागच्या वेळी मी हेच सांगत होते आणि कोणाला पटत नव्हतं.

नोकरी करणारी रूममेट खोली बदलायला तयार आहे. तिच्या खोलीचं भाडं थोडं जास्त आहे, तो फरक मी देणार. कागद तयार करून तिघींना पाठवलाय, काकांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घातल्यात. लँडलॉर्डला लिहिलं की मुख्य दाराचा लॅच दुरुस्त झाल्याशिवाय सही करणार नाही. तो आधी म्हणाला की दुसरे लोक रांगेत आहेत. बाकी दोघींनीही तोच मेल पाठवल्यावर म्हणाला सोमवारी माणूस येईल, आणि मुदत मंगळवारपर्यंत वाढवली. हे सगळं मेलवर लेखी आहे.

म. काकू, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला जाळी नाही लावत, चालेल ना?

म. काकू | शुक्रवार, दुपारी ३:४०

चालेल. पोचलीस की फोन कर.

काका | शुक्रवार, दुपारी ४:१५

सोमवारी माणूस येऊन गेल्यावर नुसता फोटो पाठवला तर सही करू नकोस. संध्याकाळी मी जाऊन दार पाच वेळा सोडून बघतो, आपोआप लागलं तर तुला लगेच कळवतो.